पहिल्या लशीचा मान

“लस झाली होती का त्यांना?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो,” कैलास म्हणाला. “गावात पहिली लस आईलाच.”

शेजारी त्याचे वडील, भैरू, बसले होते. ते खाली बघत राहिले. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते आत गेले. तासाभरानं परत आले तेव्हा कैलासची आई, चंद्राबाई, गेली, एवढंच सांगायचं उरलं होतं.

जगाला ज्या कामाला दहा-दहा वर्षं लागायची, ते एका वर्षात झालं होतं. साथीवरची लस आली होती, आणि ती पुण्यातच बाटल्यांत भरली जात होती. कैलास त्या कारखान्यात भरण्याच्या विभागात होता. शास्त्रज्ञ वगैरे नव्हता. पण मुळशी धरणाकाठच्या त्याच्या गावाला हे कोण समजावणार? गावाच्या लेखी लस कैलासच बनवत होता. आईच्या लेखी तर तो एकटाच.

कंपनीनं कामगारांना आवारातच ठेवलं होतं. घरी जायची सोय नव्हती, म्हणून तो रोज फोन करायचा. आत जाताना कपडे बदलायचे, हात पुन्हा पुन्हा धुवायचे, डोक्यापासून पायापर्यंत झाकून घ्यायचं, बाहेरच्या कशाला शिवायचं नाही, असं सगळं त्यानं आईला हौसेनं सांगितलं होतं. तिला ते फार आवडायचं. ती तेच तेच पुन्हा विचारायची आणि मग आळीभर सांगत फिरायची.

गावात लसीकरणाचं शिबिर यावं म्हणून कैलासनंच ओळखीपाळखीतून खटपट केली. शाळेत आजारी माणसं ठेवली होती, त्यामुळे भैरवनाथाच्या देवळातला मंडप ठरला. पहिली सुई चंद्राबाईला, हे गावानं आपणहून ठरवलं. त्या संध्याकाळी ती फोनवर म्हणाली, “झालं रं बाबा. दुखलं बी न्हाई.” कैलासच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या लोकांसाठी राबलो, त्यातलं थोडं आईच्या दंडात गेलं, असं त्याला वाटलं.

पुढं तिला ताप आला. भैरूंनी विचारलं, “पुण्याला आनू का तिला?”

कैलासच नको म्हणाला. “लस झालीय ना आबा? निघून जाईल ताप. दवाखान्यात नेऊन नसतं दुखणं कशाला लावून घेता?”

भैरू फोनवर काहीतरी बोलू पाहत होते. मागून चंद्राबाईचा आवाज आला आणि ते गप्प झाले. तिला धाप लागली तेव्हा कुठं गाडी पुण्याला निघाली, आणि कैलासही परवानगी काढून दवाखान्यात पोचला. फार उशीर झाला होता.

आता दवाखान्याच्या बाकावर बसून कैलास स्वतःच्या हातांकडे बघत होता. तो रडत नव्हता. त्याला भलतीच भीती वाटत होती.

“आबा, आम्ही भरली ती लस खरंच चांगली होती ना? मग तिलाच कशी लागू पडली नाही?”

“तुझी लस चांगलीच हाय,” भैरू म्हणाले. “तिनं ती घेतलीच न्हाई.”

कैलासनं वर पाहिलं.

“नरहरीनाना वारला व्हता शिबिराच्या आदल्या दिशी. समद्या भावकीला सुतक. तुला कळवलं न्हाई. कळलं असतं तर तुलाबी सुतक लागलं असतं, आन् तुझं काम थांबंल म्हनली. देवळात तर जायाचंच न्हाई. आमी दोघं पायरीखाली हुबे. सिस्टर भली बाई. पेटी घेऊन भायेर आली, म्हनली, हितंच टोचते. मी दंड म्होरं केला, टोचून घेतली. तुझी आई मागं सरली. सुतक फिटल्यावर घेते म्हनली. मग लसच संपली. आज येतीया, उद्या येतीया. तुला कळू द्यायचं न्हाई म्हनून तिनं माझ्याकडनं शपथ घेतली व्हती.”

“पण का, आबा? सिस्टर बाहेर आल्या होत्या ना?”

“मीबी तेच म्हनलो. तर म्हनली, तुमी घेतली ती घेतली, माझं पोरगं ती एवढ्या सोवळ्यात करतंय. माझं सुतक त्या बाटलीला लागलं आन् ती नासली, तर मागं एवढ्या बाया हुब्या हायेत, त्यांनी काय करायचं?”