डबीतला कापूस

गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून केराबाई डबीत कापूस कोंबायची. एचआयव्हीचं औषध आणायला सात वर्षं ती पदरात तोंड लपवून जिल्ह्याला जात होती.

"गावच्या दवाखान्यातच देता येईल," या खेपेला सिस्टर म्हणाल्या. "पण दहा नावं तरी हवीत. लाजेपायी कुणी देतच नाही."

केराबाईला धाकटी जाऊ आठवली. एवढा हेलपाटा झेपेना म्हणून तिनं गोळ्या सोडल्या, आणि दिवाळीआधीच ती गेली.

"माझं लिहा पहिलं."

गुरुवारी भर बाजारात उभं राहून तिनं बिनकापसाची डबी वाजवली. "एचआयव्हीच्या गोळ्या आहेत माझ्या. गावात मिळायला अजून नऊ माणसं पाहिजेत. बघत काय बसलात?"

मग कोथिंबीर विकणारीनं पाटीखालून आपली डबी काढली आणि तिच्यातला कापूस उपटून फेकला.