पोह्यांशिवाय

चहा संपवून आत्माराम खुर्चीत सरसावून बसला, तेव्हाच मनोरमाने ओळखलं की आता भाषण होणार. हा तिचा धाकटा दीर. नवरा गेल्यावर दहा वर्षांत त्याने कधी साधी विचारपूस केली नव्हती, पण घरात लग्नाचा विषय निघाला रे निघाला की त्याला वडीलकी आठवायची.

नीलमला स्थळ आल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. मुलगी दाखवायची ती आमच्या दादरच्या घरी, असं त्याचं म्हणणं. जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं त्या मीरा रोडला कोण चांगला माणूस पाऊल टाकणार?

"आणि वहिनी, बोलणी करायला पुरुष माणूस लागतो," तो म्हणाला. "बाईच्या शब्दाला कोण विचारतो?"

"माझ्या शब्दावर हे घर चाललंय, भावजी. तुम्ही अक्षता टाकायला या."

आम्हाला न विचारता ठरवलंत तर संबंध संपले, असं बजावून तो तणतणत निघून गेला. मनोरमाने कपबशी विसळून ठेवली. रुसणाऱ्याने खुशाल रुसावं, तिला कामं पडली होती.

स्थळ उर्मिलाने आणलं होतं. काशीमीऱ्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात दोघी शेजारी बसून टायपिंग करायच्या. भाईंदरचे तळवडेकर. हरिश्चंद्र तळवडेकर बँकेत, बायको चार वर्षांपूर्वी वारली. मुलगा नीरज हाटकेशच्या कारखान्यात इंजिनियर. माणसं सरळ, घरात जाच नाही, असं उर्मिलाने छातीठोकपणे सांगितलं. मनोरमाला आणखी काय हवं होतं?

भीती होती ती नीलमचीच. मागची सगळी स्थळं तिने एका वाक्यात उडवून लावली होती. मी गेले तर तू एकटी पडशील. पोरीचं आयुष्य आपल्यापायी अडून राहिलंय, हे मनोरमाला आतून खात होतं. ही गाठ यंदा सोडवायचीच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

आश्चर्य म्हणजे तळवडेकरांचं नाव ऐकून नीलम लगेच तयार झाली. तिच्या अटी मात्र होत्या. पोह्यांच्या बशा घेऊन कुणी कुणासमोर यायचं नाही. शनिवारी ठाण्याला नाटक आहे, तिथेच सगळ्यांनी भेटायचं. आणि नाटक संपेपर्यंत लग्नाचा विषय कुणीही काढायचा नाही. मनोरमाने मान डोलावली. अशा वेळी मुलीशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

मग आठवडाभर तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. नाटकानंतर मंडळी कदाचित घरीही येतील, म्हणून पडदे धुतले, जळमटं काढली, रॉकेलसाठी रांग लावली. टँकर आला की बादल्या घेऊन धावायचं, ऑफिसातून सुटलं की शिंप्याकडे खेटे घालायचे. "मास्टरजी, शनिवार को पक्का चाहिए," असं तिने त्याला इतक्या वेळा ऐकवलं की तो तिला बघूनच मान हलवायला लागला.

शिवायला टाकलेला ब्लाउज मनोरमाचाच होता. नीलमने हट्टच धरला होता. कपाटाच्या तळाची डाळिंबी साडी तिनेच बाहेर काढली आणि गुरुवारी आईला समोर बसवून केसांना मेंदी लावली. मायलेकी कितीतरी दिवसांनी अशा निवांत बसल्या होत्या. मनोरमा कुरकुरली, तेव्हा नीलम म्हणाली, मुलाकडचे लोक आधी आईकडे बघतात. मुलगी पुढे कशी दिसेल ते त्यांना कळतं.

तेही खरंच होतं म्हणा. शनिवारी डाळिंबी साडी नेसून मनोरमा जिना उतरली, तेव्हा खालच्या मजल्यावरची सरूबाई दारातून टकामका बघत होती. विधवा बाई आणि हा रंग! मनोरमाने पदर मागे सरळ सोडला आणि मुद्दाम हळूहळू चालत फाटक ओलांडलं. बघा म्हणावं, पोटभर बघा.

काशीमीऱ्याहून ठाण्याची एस.टी. वेळेवर मिळाली. वरसाव्याचा पूल मागे पडेपर्यंत नीलम खिडकीतून बाहेर बघत होती. एकदा तिने आईचा हात धरला. बिचारी घाबरली असणार, असं मनोरमाला वाटलं.

बाप-लेक नाट्यगृहाच्या दारातच उभे होते. नीरज नम्र आणि हसरा होता. मनोरमाला तो बघताक्षणी आवडला. वडीलधारी माणसं मध्ये बसू देत, असं म्हणत नीलमनेच जागा लावल्या. हरिश्चंद्रराव मनोरमाच्या शेजारी आले. ते हळू बोलत. ऑफिस लांब पडतं का, एकटीने घर ओढताना थकायला होतं का, असं काहीबाही विचारत राहिले. मुलीबद्दल अक्षर नाही. अट पाळणारा माणूस आहे, मनोरमाला बरं वाटलं.

मध्यंतरात नीरज आणि नीलम बटाटेवडे आणायला गेले. हरिश्चंद्रराव जरा घुटमळले.

"काल बँकेत तुमच्या दिरांचा फोन आला होता. त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, म्हणाले."

मनोरमाच्या अंगाचा तिळपापड झाला. दहा वर्षं एका खोलीत शिवणयंत्रापासून टाइपरायटरपर्यंत हात झिजवले ते तिने, आणि पोरीच्या सुखात बिब्बा घालायला हा मोकळा. अट गेली उडत.

"त्यांना विचारायचं कारण नाही," ती म्हणाली. "आमचा होकार आहे. आत्ता, इथे. जग इकडचं तिकडे झालं तरी मी शब्द फिरवणार नाही."

हरिश्चंद्ररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचे कान लाल झाले होते.

"इतक्या लवकर होकार येईल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्ही फक्त नीरजरावांना विचारून घ्या."

"त्याला काय विचारायचं?" हरिश्चंद्रराव हसले. "त्याच्या बायकोनेच तर नीलमबरोबर बसून सगळं ठरवलं. तुम्हाला बघायचा राहिलो होतो तो मीच एकटा."