जागा बदलून बघा

भोपाळला कारखान्यातून विषारी वायू सुटला त्यानंतरच्या आठवड्यात, देवनारच्या एका शाळेत पेडणेकर बाई सातवीला गोष्टीतली जागा शिकवत होत्या.

"जागा म्हणजे नाटकामागचा रंगवलेला पडदा नव्हे. ऐकलेली कुठलीही गोष्ट घ्या आणि दुसऱ्या गावात न्या. जागा बदलली की गोष्ट बदलायला हवी. कोण सांगतंय?"

काशीरामने राजकन्येला कोळीवाड्यात आणलं, तर ती सुकट विकायला बसली. वर्ग खूप हसला. मग मालन उठली. तिचे बाबा ट्रॉम्बेच्या बाजूला एका रसायनांच्या कारखान्यात कामाला होते.

"बाई, मी पेपरातली भोपाळची गोष्ट आमच्या वस्तीत आणली."

हसणं थांबलं. "बरं," बाई म्हणाल्या, "मग काय काय बदललं?"

"दुकानांची नावं बदलली. माणसांची बदलली. पण कारखान्याच्या भिंतीला लागून घरं होती, ती तशीच राहिली. कारखान्याच्या टाकीत काय आहे ते तिथे भोपाळला कुणाला माहीत नव्हतं. मी काल बाबांना त्यांच्या कारखान्यातल्या टाकीचं विचारलं, तर त्यांनाही माहीत नाही." मालन घुटमळली. "बाई, पुढची गोष्ट बदलतच नाहीये. माझं काय चुकतंय?"

बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"तुझं काही चुकत नाही गं. बस खाली," त्या म्हणाल्या, आणि कारखान्यांच्या बाजूच्या खिडक्या एकेक करून लावायला लागल्या.