उजेड वळत नाही

वसाहतींचे नकाशे मंजूर करणाऱ्या साहेबांनी एका बिल्डरकडे नोकरी करणाऱ्या इंजिनिअरबाईंच्या पत्राला उत्तर दिलंच नव्हतं. ‘नव्या रस्त्यावर तीस मीटरला एक दिवा, हा नियम. पण उजेड वळत नाही, साहेब. वळणावर जास्तीचा खांब लावू का?’ नियमात वळणाचा उल्लेखच नव्हता, म्हणून साहेबांचा हात धजला नाही.

ते पाहणीला गेले, तर वळणावर खांब उभा!

“मालक तयार झाले?” त्यांनी बाईंना विचारलं.

“कसले! पैसे झाडाला लागतात का, म्हणाले. मग मी ठोकून दिलं, साहेबांचं होकाराचं पत्र आलंय.” बाई ओशाळल्या. “आता म्हणतात, पत्र दाखवा, नाहीतर घरी बसा.”

साहेब कचेरीत परतले. शिपायाला हाक न मारता त्यांनी स्वतः पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं. आत लिहिलं होतं, ‘खांब मंजूर. आमच्या नियमात राहून गेलेलं वळण तुम्ही दाखवलंत.’