डाव्या हाताची नखं

कट् असा आवाज आला आणि ती दारातच थांबली. औषधांची चिठ्ठी विसरली म्हणून ती अर्ध्या जिन्यातून परत आली होती. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरून. ते नखं कापत होते. डाव्या हाताची. म्हणजे नेलकटर उजव्या हातात होता.

तो उजवा हात गेले दहा महिने चमचासुद्धा उचलत नव्हता. निदान तिची तशी समजूत होती.

बाबांनी तीस वर्षं बस चालवली आणि एका दुपारी त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं. आई पॅकिंगच्या कारखान्यात सकाळी सातला जाते ती दिवे लागल्यावर येते. तिची नोकरी सुटून चालणार नव्हतं, तेव्हा घर आलं अठरा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात. सुरुवातीला तिच्या नाकी नऊ आले. बाबांना आंघोळ घालताना त्यांच्यापेक्षा तीच जास्त भिजायची. मग हात बसला. शर्ट घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, हे तिला कुणी शिकवलं नाही. भात किती मऊ झाला की ठसका लागत नाही, चादर बदलताना माणसाला कुठल्या कुशीवर वळवायचं, उजव्या गालात घास अडकून राहतो तो कसा काढायचा, सगळं तिला पाठ झालं. शिवाय केर, भांडी, कपडे आणि आईचा डबा होताच, पण त्याला घरात काम म्हणायची पद्धत नव्हती.

कौतुक मात्र तोंडभरून व्हायचं, त्यात कुणी हात आखडता घेतला नाही. आत्या तर भेटेल त्याला सांगायची, "पेपरच्या दिवशीच माझा भाऊ पडला. पोरीचं बारावीचं वर्ष गेलं, पण चकार शब्द नाही." ती खरंच यावर काही बोलायची नाही. मध्ये एक परीक्षा येऊन गेली, तिचा कुणी विषयही काढला नाही. आता पुढच्या परीक्षेचा फॉर्म टेबलावर पडून होता आणि भरायची मुदत उद्या संपत होती. आईने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा ती म्हणाली, "आणि बाबांचं कोण करणार?"

"कधीपासून?" तिने दारातूनच विचारलं.

बाबा दचकले. नेलकटर कागदावर पडला.

"दोन महिने होतील." त्यांची जीभ अजून थोडी जड होती. "चमचा धरता येतो. बटणं लागतात. वेळ लागतो, एवढंच."

दोन महिने ती रोज त्यांच्यासमोर स्टुलावर बसून घास भरवत होती आणि ते मुकाट्याने तोंड उघडत होते. तिला रडू आलं, पण त्याआधी राग आला.

"मजा वाटत होती का?"

"नाही गं. लाज वाटायची."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुला अजून थोडे दिवस हवेत."

"मला? मला कशाला हवेत?" तिचा आवाज चढला. "तुमच्यापायी माझी परीक्षा बुडाली, बाबा." हे वाक्य तिने इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं की ते आपोआप बाहेर आलं. पहिल्यांदाच ती ते स्वतः म्हणत होती.

बाबांनी कागद हळूच दुमडला, नखं सांडू नयेत म्हणून. मग टेबलावरचा फॉर्म उजव्या हाताने तिच्याकडे सरकवला.

"त्या दिवशी तू पेपरला गेलीस असं धरून मी दुपारच्या पाळीला निघालो होतो," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही. पेपर अकराला सुरू झाला होता. मी पडलो साडेबाराला. घरात कुणी नाही हे ठाऊक असूनही मी तुझ्या नावाने हाक मारली, आणि तू आतल्या खोलीतून ओ दिलीस."