परक्या हातची तार

खऱ्या प्रेमात संशयाला जागा नसते, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. थोरामोठ्यांच्या घरचे फ्यूज बहुधा कधी जात नसावेत.

वायरमनने जळालेल्या फ्यूजला नवी तार घातली, सवयीने शेजारचाही उपसून पाहिला आणि त्याच्या काळजात चर्र झालं. यातली तार त्याने घातलेली नव्हती. स्क्रूला दोन वेढे, टोक आत दुमडलेलं. पद्धत हुबेहूब त्याची, पण तार बारीक, जरा भार आला की जळणारी, परकी.

“मध्ये कुणी येऊन गेलं का, बाई?”

“छे, कोण येणार?” बॅटरी धरून उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. नवऱ्यामागे त्या या घरात एकट्याच राहत.

सगळ्या गल्लीचा तो वायरमनदादा. बाई मात्र नुसतं ‘अहो’ म्हणायच्या. त्या दोन अक्षरांवर त्याने नऊ वर्षं काढली होती. तीस वर्षांचा जुना बोर्ड, लाकूड काळवंडलेलं, वायरींचं कवच हात लावला की गळायचं. कुठल्याही शहाण्याने तो पहिल्याच दिवशी बदलला असता. हा मात्र दर महिन्याला ‘चालेल अजून’ म्हणून चहा पिऊन जायचा.

आणि आता हे. चौकातला नवा दुकानदारच असणार, मोटारसायकलवाला. लोकांचे पंखे फुकट तपासून देतो, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

रात्रभर तळमळून त्याने ठरवलं: आपल्याला नाही, तर त्यालाही नाही.

सकाळी त्याने जाहीर केलं, की बोर्ड बदलावाच लागेल, नाहीतर एक दिवस पेट घेईल. बाईंचा चेहरा पडला. इतकी वर्षं चाललंच की, त्या म्हणाल्या. घाई कसली, पुढच्या वर्षी बघू. वायरमनला आणखी पुरावा नको होता. बाईंना कुणाची तरी वाट मोकळी ठेवायची होती.

दोन दिवस तो राबला. लोखंडी पेटी, नवं अर्थिंग, प्रत्येक जड उपकरणाला वेगळी लाइन. एकेक स्क्रू त्याने दुकानदाराचा गळा समजून आवळला.

“झालं,” तो म्हणाला. “आता वीस वर्षं कुणाला बोलवायला नको.”

“कुणालाच?”

“कुणालाच.”

बाईंनी ड्रॉवरमधून बारीक फ्यूजतारेचं अर्धं संपलेलं रीळ काढून त्याच्यापुढे धरलं.

“हे मग तुम्हीच न्या, अहो. मला आता काय उपयोग?”

“हे तुमचं?”

“नऊ वर्षं बॅटरी धरून उभी आहे. एवढं न यायला काय झालं?”

“मग दर महिन्याला मला कशाला बोलवायचात?”

बाईंनी सराईतपणे गीझर लावला, इस्त्री लावली, विजेची शेगडी लावली, आणि दर महिन्यासारख्या पदराला हात पुसत थांबल्या.

दोघंही नव्या पेटीकडे बघत राहिले.

काम चोख झालं होतं. काहीही बंद पडलं नाही.