साडेतीनवरचा काटा

आठव्या मजल्यावर, लहान मुलांच्या वॉर्डात, सव्वीस खाटा होत्या. चोवीस भरलेल्या. जिना एक. जिन्याशेजारी लाल पेटी एक. तिच्यात गुंडाळलेली नळी, पितळी व्हॉल्व्ह आणि पाइपवर बसवलेलं गोल गेज. गेजचा काटा साडेतीनवर होता, म्हणजे पाइपात पाण्याचा पुरेसा दाब. पेटीसमोर मामा उभा होता आणि त्याच्या भाचीच्या मोबाइलवरून तीनशे बारा माणसं हे सगळं लाइव्ह बघत होती.

ही माणसं इमारतींना आगीपासून वाचवण्याच्या धंद्यातली: पंप बसवणारी, नळ्या तपासणारी, दाखले देणारी. त्यांचा ऑनलाइन ग्रुप भाचीने सुरू केला होता. एकाची चूक दुसऱ्याला कळावी एवढाच हेतू, आणि नियमही एकच: दाखवायला घेतलेलं मध्येच बंद करायचं नाही. आता तिने नवा प्रस्ताव मांडला होता. नुसता काटा वाचून 'ठीक' लिहायचं नाही, दर वेळी पाणी सोडून बघायचं. जुनी मंडळी बिथरली होती. त्यांच्या वतीने आज तिचा मामा उभा होता. ग्रुपवर त्याला काटेमास्तर म्हणत. अर्ध्या ग्रुपला काम त्यानेच शिकवलं होतं, भाचीलाही. आणि हे हॉस्पिटल पहिल्यापासून त्याच्याकडेच होतं.

"दर महिन्याला येतो, काटा बघतो, जातो," मामा मोबाइलकडे बघून म्हणाला. "आज पाणी दाखवतो. मामा झालोय, हट्ट पुरवायलाच हवा."

वॉर्डची सिस्टर बादली घेऊन आली. फरशी ओली झाली तर पुसायला मास्तरांनाच बसवीन, असं तिने बजावलं. या फरशीपायीच वर कधी पाणी सोडलं नाही, हे मामाने हसत कबूल केलं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, मास्तर, छत्री घ्या.

पंप चालू झाल्याचं तळघरातल्या माणसाने फोनवर सांगितलं. मामाने नळीचं तोंड बादलीत धरून व्हॉल्व्ह अर्धा फिरवला. मग पूर्ण.

नळीतून थोडी हवा आली. गंजाचा वास आला. पाणी आलं नाही.

मामाने व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा उघडला. तळघरात विचारलं. पंप चालूच होता. ग्रुपवरची टिंगल थांबली. सिस्टरने मागे वळून खाटांकडे बघितलं, मग मामाकडे. बादली तिच्या पायाशी कोरडी होती.

 भाचीला फक्त वाद जिंकायचा होता. तिने अंगठा बंद करायच्या बटणाकडे नेला.

"पोरी, नियम कुणाचा?" मामाने विचारलं.

"माझा. पण मामा..."

"मग नीट धर. जवळून दाखव."

त्याने तळघरातल्या माणसाला मधल्या मजल्यांवरचा एकेक व्हॉल्व्ह बघायला पाठवलं. सिस्टरला सांगितलं, पाणी वर येईपर्यंत मुलांना खालच्या मजल्यावर न्या. ती धावतच गेली. मग त्याने खिशातून पाना काढला. गेजच्या नटावर तो दोनदा घसरला. तिसऱ्यांदा बसला.

गेज सुटलं. पाइपच्या भोकातून थेंबही पडला नाही. मामाने गेज तळहातावर घेतलं, मोबाइलसमोर धरलं, दुसऱ्या हाताच्या बोटाने काचेवर टिचकी मारली.

काटा साडेतीनवर होता.